यंदा प्रोसेसर बदलायचाच!

प्रोसेसर बदलणारा आणि प्रोसेसर बदलू पाहणारा या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्या जातीचा माणूस दुकानात जातो, पैसे मोजतो आणि संध्याकाळी कामाला लागतो. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नसतं. दुसरा मात्र दर दिवाळीच्या आधी ‘यंदा बदलायचाच’ असं जाहीर करतो आणि होळीपर्यंत अभ्यास करतो. त्याच्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटचं झाकण स्क्रू न लावता नुसतं टेकवून ठेवलेलं असतं, कारण ‘लवकरच उघडायचं आहे’. आत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा करडा थर, हीटसिंकच्या फटी बुजलेल्या आणि प्रोसेसरवरची पेस्ट केव्हाच वाळून कडक झालेली. ‘अहो, एक तर घ्या, नाहीतर विषय तरी सोडा,’ असं घरातून अधूनमधून ऐकू येतं. नातेवाईक त्याला चेंगट म्हणतात, ऑफिसातले कंजूष म्हणतात. दोघांचंही चुकतं, असं माझं म्हणणं आहे. या गृहस्थाचा निर्णय केव्हाच झालेला आहे, आणि तो न घेण्याचा आहे. त्याचा अभ्यास ही खरेदीची तयारी नसून खरेदीऐवजी केलेली गोष्ट आहे. आणि गंमत अशी की हिशेब मांडला तर बहुतेक वेळा तोच बरोबर निघतो.

पहिला पुरावा त्याच्याच पडद्यावर असतो. मशीन ‘हँग होतं’ म्हणून तो टास्क मॅनेजर उघडतो. तिथे प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर निवांत असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांवर घामाघूम झालेली असते. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने 1967 साली एक साधा हिशेब मांडला होता: कामाचा जेवढा भाग तुम्ही वेगवान कराल, तेवढ्यापुरताच फायदा. शंभर सेकंदांच्या कामात ऐंशी सेकंद जुन्या हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जात असतील, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवून शंभराचे नव्वद होतील. तेवढ्यासाठी जीएसटीसकट कोण पैसे मोजेल? हे त्याला ठाऊक नाही असं मुळीच नाही. तोच हे सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात उभं राहून इतरांना समजावतो. मग तो एसएसडी का घेत नाही? कारण एसएसडी बसवली की मशीन खरोखरच पळू लागतं, प्रश्न मिटतो आणि रविवार दुपारचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. शिवाय पाहुण्यांना कोणी ‘आमची एसएसडी बघा’ म्हणून सांगत नाही. ‘आमचा आय-सेव्हन आहे’ हे मात्र चहाबरोबर सहज सांगता येतं.

दुसरा पुरावा सॉकेटचा. समजा त्याच्याकडे 2017च्या सुरुवातीचा आय5-7400 आहे. चार कोर, सॉकेट 1151. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. आय5ला सहा कोर आणि सॉकेट पुन्हा 1151च. पिना तितक्याच, आकार तोच. फक्त जुन्या बोर्डावर तो चालायचा नाही, त्यासाठी 300 मालिकेतला नवा बोर्ड हवा. पुढे 1200 आलं, मग 1700, मग 2024 साली 1851. म्हणजे ‘फक्त प्रोसेसर बदलायचा’ हे वाक्य अशा घरात खरं ठरत नाही. प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, नवा बोर्ड डीडीआर5चा असेल तर रॅम बदला, आणि मग जुना एसएमपीएस हे सगळं झेपवेल का तेही बघा. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असा विचारत नाही, ‘साहेब, बोर्ड कोणता?’ असं विचारतो. त्या एका प्रश्नाने आपल्या गृहस्थाचा पाय मागे येतो, आणि तो मागे यायलाच हवा. उरतो सेकंडहँड आय7-7700. जुन्या बोर्डात तो चालतो, कोर चारच, थ्रेड तेवढे दुप्पट. पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दापुरती.

यावर कोणी म्हणेल, वाट बघणाऱ्याच्या हाती कधीच काही लागत नाही. बाजारात नेहमीच पुढचं काहीतरी येत असतं. इतिहास मात्र तसं सांगत नाही. 2011चा आय5-2400 चार कोरचा, 3.1 गिगाहर्ट्झचा. 2017चा आय5-7400 चारच कोरचा आणि मूळ वेग 3.0. दर ठोक्याला होणारं काम मधल्या काळात वाढलं हे कबूल, पण सहा वर्षं जागचा न हललेल्या माणसाला पश्चात्ताप व्हावा इतकं नव्हे. त्याच वर्षी एएमडीचे रायझन बाजारात आले, इंटेललाही हात सैल सोडावा लागला, आणि थांबलेल्याला एकाएकी सहा कोर मिळू लागले. आळसाला इतकं चांगलं व्याज बँकेतही मिळत नाही. अर्थात उलटही घडतं. 2025च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव भडकले, आणि ‘जरा उतरू दे’ म्हणून थांबलेले तोंडात मारल्यासारखे झाले. हा आक्षेप मला मान्य आहे. तो रॅमच्या बाबतीतला आहे, एवढीच पुस्ती जोडतो.

अधिक वजनदार आक्षेप विंडोजचा. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज 11च्या अधिकृत यादीत ना आय5-7400 आहे, ना तो सेकंडहँड आय7-7700. इथे न बदलण्याची भूमिका लंगडी पडते, आणि बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर करणाऱ्याने तरी हट्ट सोडावा. पण लक्षात घ्या, इथेही प्रोसेसर मंद आहे म्हणून बाद झालेला नाही. यादीत नाही म्हणून बाद झाला. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारे, रेंडरिंगवर पोट असणारे यांचं प्रकरण निराळं. त्यांना वाचलेल्या तासाचे पैसे मिळतात, त्यामुळे ते अभ्यास करत बसत नाहीत, ते पहिल्या जातीतले.

आपल्या गृहस्थाची खरी पंचाईत होते ती एएमडीचा एएम4 बोर्ड घरात असला तर. कारण इथे त्याच्या सगळ्या सबबी संपतात. 2017च्या रायझन 5 1600च्या जागी त्याच सॉकेटात 2022चा रायझन 5 5600 बसतो. कोर सहाच, पण चाल कितीतरी पुढची, आणि विंडोज 11च्या यादीतही नाव. गेमिंगची हौस असेल तर 5800एक्स3डी. बोर्ड तोच, डीडीआर4 रॅम तीच. हवा फक्त बायोसचा अपडेट, तोही बोर्डाच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी काढलेला असला की झालं. हे एवढं स्वच्छ गणित समोर आलं की तो दोन दिवस गप्प असतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या वाचनात येतं की बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच बाद होऊ शकतो. हे खरं आहे, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. आपल्याकडची वीज तर सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आधी यूपीएस घ्यायला हवा. आणि तो 600 व्हीएचा घ्यावा की 1000चा, याबद्दल बरीच मतं आहेत, ती तो सध्या वाचतो आहे.