नाशिकची हवा आणि सीओटू

नाशिककराला आपल्या हवेचा भारी अभिमान. मुंबईचा पाहुणा आला की चहाच्या आधी आपण त्याला श्वास घ्यायला लावतो. त्यामुळे भाच्याने सातपूर एमआयडीसीत शेड घेऊन सीओटू वेल्डिंगचं मशीन आणलं, तेव्हा मामाच्या नात्याने मी आधी खिडक्या उघडल्या. आतून आरोळी आली, "मामा, वारा नको!"

भानगड अशी, की टॉर्चमधून तार सरसर येते, टोकाशी वितळते आणि त्या वितळलेल्या लोखंडावर कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण असतं. मिनिटाला 12-15 लिटर वायू. झुळूक आली की तो उडालाच. मग आमची सुप्रसिद्ध हवा आत घुसते आणि जोड अनारशासारखा जाळीदार होतो. निफाडकडे द्राक्षबागेत उघड्यावर काम निघालं, की हाच भाचा निमूट जुनं रॉड-वेल्डिंगचं मशीन घेऊन जातो. रॉडला वाऱ्याचं फारसं वावडं नसतं.

बरं, दारं-खिडक्या लावून बसावं, तर तेही नाही. हा वायू हवेपेक्षा जड. बंद जागेत खाली साठतो आणि माणूस गुदमरतो. शिवाय धूर. म्हणजे धूर ओढणारा पंखा पाहिजे, पण त्याचा झोत जोडावर नको. इतक्या अटी मी वधू-वर सूचक मंडळातही वाचल्या नव्हत्या.

बाकीची मांडामांडही सोवळ्यातली. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघायची. सिलिंडरमधून सुटताना वायू इतका गार होतो, की रेग्युलेटर गोठतो. म्हणून त्याला विजेचा हीटर. मे महिन्यात सातपुरात बर्फ बघायचा असेल, तर हीटरची पिन काढावी, एवढंच. टॉर्च प्लसला, अर्थ मायनसला, आणि अर्थचा चिमटा गंज घासलेल्या लोखंडावर. गॅल्व्हनाइज्ड पाइप आला तर आधी जस्त घासून काढायचं, नाहीतर त्या धुराने रात्री थंडी-ताप. त्यावर गूळ खा, दूध प्या, असं सांगणारे वैद्य प्रत्येक शेडमध्ये भेटतात. धूर टाळा म्हणणारा एखादाच. माझा टेरिकॉटचा शर्ट बघून भाच्याने मला दारातच अडवलं. ठिणगी पडली की तो वितळून अंगाला चिकटतो म्हणे. अंगात सुती कपडे, पायात बूट.

खरा प्रश्न बघ्यांचा. ठिणग्या दिसल्या की रस्त्यावरचा माणूस थांबणारच. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर त्रास तेव्हा नाही, रात्री होतो: डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग, मग घरात बटाट्याच्या चकत्यांची शोधाशोध. भाच्याने पडदा लावला. लोक पडद्यावरून डोकावू लागले. शेवटी त्याने एक जादा हेल्मेट ठेवलं, अकरा नंबरच्या काळ्या काचेचं. ते घातल्यावर आर्क पेटेपर्यंत अंधारगुडुप. एक गृहस्थ मोठ्या हौसेने ते घालून उभे राहिले, "काहीच दिसत नाही हो," म्हणाले आणि भाच्याने टॉर्चचं बटण दाबायला आणि त्यांनी हेल्मेट वर करायला एकच गाठ पडली.