पँटचं अनेकवचन

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पुस्तकात फळं, भाज्या आणि नातेवाईक उरकले की कपड्यांचा धडा लागतो, आणि मराठी विद्यार्थ्याचा चेहरा खुलतो. शर्ट, पँट, कोट, टाय, सॉक्स, स्वेटर, स्कर्ट. यात शिकायचंय काय? सगळं घरच्या कपाटात तर आहे! हा धडा न वाचताच पास, असं तो धरून चालतो.

क्रियापदापर्यंत हा आनंद टिकतो, किंबहुना वाढतो. मराठीत साडी नेसायची, शर्ट घालायचा, शाल पांघरायची, फेटा बांधायचा, बांगड्या भरायच्या, गजरा माळायचा आणि चष्मा लावायचा. साडी ‘घातली’ म्हणणाऱ्या नव्या सुनेकडे घरातल्या मोठ्या बायका ज्या नजरेने बघतात, त्या नजरेतच आपलं निम्मं व्याकरण आहे. इंग्रजीने या सगळ्या पसाऱ्याला एकच ‘वेअर’ ठेवलंय. अत्तरसुद्धा ‘वेअर’ करतात. तेवढ्यात मास्तर सांगतात की ‘वेअर’ म्हणजे कपडा अंगावर असणं. तो अंगात चढवण्याची खटपट म्हणजे ‘पुट ऑन’. आपल्या ‘घातलं’मध्ये दोन्ही बसत असल्यामुळे घोटाळा ठरलेला. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला ओळख पटावी म्हणून पाहुणा फोनवर सांगतो, ‘आय ॲम पुटिंग ऑन अ ब्लू शर्ट.’ पलीकडचा समजतो, गडी अजून उघडाच आहे.

मग येतं वचन. पँट एकटी नसते, ती ‘पेअर ऑफ पँट्स’ असते. दुकानातून एकच पँट आणलेल्या माणसाने ही जोडी कुठून दाखवायची? शर्टाला दोन बाह्या असूनही तो एकवचनी, पँटला दोन पाय म्हणून ती अनेकवचनी, हा न्याय मास्तरांनाही समजावता येत नाही. ते ‘पाठ करा’ म्हणून पुढे सरकतात.

खरी अडचण मात्र पुस्तकात नाही, टेलरच्या दुकानात आहे. कारण कपड्यांचं इंग्रजी आपण तिथेच शिकलेलो असतो. गळ्यात टेप, कानाला पेन्सिल, आणि मापं टिपणाऱ्या पोऱ्याला टेलर मोठ्याने सांगत असतो : ‘लांबी चाळीस, कंबर चौतीस, सीट अडतीस, बॉटम सोळा.’ मग गिऱ्हाईकाकडे वळून अदबीने, ‘साहेब, बॉटम बारीक करू की मोठाच ठेवू?’ आपल्याकडे हा पँटच्या मोहरीचा साधा सवाल आहे. लंडनमध्ये तो फक्त प्लॅस्टिक सर्जन विचारू शकतो.

या दुकानी इंग्रजीचा स्वतंत्र शब्दकोश होईल. लांब बाह्यांचा तो ‘फुल शर्ट’. झिपला ‘चेन’, ती अडकली म्हणजे माणूस सोनाराकडे जात नाही. सलवार-कमीज म्हणजे ‘ड्रेस’, आणि न शिवलेली सलवार-कमीज म्हणजे ‘ड्रेस मटेरियल’. ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल जिथे मिळतात ते ‘मॅचिंग सेंटर’. परक्या माणसाला ते वधूवर सूचक मंडळ वाटलं तर त्याचा दोष नाही. पुस्तकातल्या चित्रात ‘गाऊन’ घातलेली राणी मेजवानीला निघालेली असते. आपल्याकडे गाऊनवर ओढणी टाकली की कोथिंबीर आणायला खाली उतरता येतं.

बरं, हे सगळं विसरून अस्सल इंग्रजी शिकायचं म्हटलं, तर कुणाचं? ‘पँट्स’ म्हणजे अमेरिकेत पँट आणि इंग्लंडमध्ये आतली चड्डी. ‘वेस्ट’ म्हणजे इंग्लंडमध्ये बनियन आणि अमेरिकेत कोटाखालचं जाकीट. अमेरिकेतले ‘सस्पेंडर्स’ पुरुषांची पँट खांद्यावरून तोलून धरतात, इंग्लंडमधले बायकांचे लांब मोजे. ऑस्ट्रेलियात तर ‘थाँग्स’ म्हणजे रबरी चपला. इतरत्र हा शब्द चारचौघांत उच्चारण्यापूर्वी विचार करावा.

गंमत अशी की इंग्रजांनीही हा धडा कधीकाळी आपल्याच बाजारात गिरवला आहे, आणि बऱ्यापैकी नापास होत. मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला त्यांनी ‘डंगरी’ म्हटलं. आज तीच डंगरी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला मॉलमधून आणली जाते. आपला पायजमा एकवचनी. त्यांनी तो ‘पजामाज’ करून अनेकवचनात नेला. आपण त्यांचे ‘शूज’ उचलून ‘माझा एक शूज सापडत नाही’ म्हणू लागलो, म्हणजे फिट्टंफाट झाली. आजीच्या परकराचं जे चीट, त्याचं त्यांनी ‘चिंट्स’ असं अनेकवचन केलं, मग तेच एकवचन समजून ‘चिंट्झ’ लिहू लागले. या रंगीबेरंगी छापील सुती कापडाने तिथल्या विणकरांच्या पोटावर पाय आणला. १७१९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छापील सुती कपडे फाडले. १७२१ मध्ये पार्लमेंटने कायदाच करून बहुतेक छापील सुती कापड वापरायला बंदी घातली.

आणि बनियन! अठराव्या शतकातले प्रतिष्ठित इंग्रज घरात जो सैल, पायघोळ झगा घालत, त्याला ते वाण्यावरून ‘बनियन’ म्हणत. त्या वेषात ते ऐटीत तैलचित्रंही काढून घेत. बनियनवर बसून काढलेली चित्रं म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

उरलेला धडा इतिहासाच्या पुस्तकातून आला आहे. बालाक्लावा हे क्रिमियातलं गाव. १८५४ मध्ये तिथल्या लढाईत इंग्रजांचे सरसेनापती होते लॉर्ड रॅग्लन, आणि घोडदळाचा प्रसिद्ध हल्ला केला लॉर्ड कार्डिगन यांनी. एकाच्या नावाची बाही झाली, दुसऱ्याच्या नावाचं पुढून बटणांचं स्वेटर, आणि गावाच्या नावाची माकडटोपी. थंडीत कान झाकून सकाळी फिरायला निघणाऱ्या पुणेकराला आपण डोक्यावर क्रिमियाचं युद्ध घेऊन चाललोय याची कल्पना नसते.

तेव्हा मुलाकडे न्यूजर्सीला किंवा मुलीकडे लंडनला निघालेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं : ‘पँट’ टाळून ‘ट्राउझर्स’ म्हणावं, दोन्हीकडे चालतं. बनियन हवं असेल तर अमेरिकेत ‘अंडरशर्ट’ मागावं. बॉटमविषयी दुकानात अवाक्षर काढू नये. आणि हे काहीच आठवलं नाही तर कपड्याकडे बोट दाखवावं. तेवढं इंग्रजी दुकानदाराला येतं.