न उघडायचे खेळणे

खेळण्यांचे दोन प्रकार असतात : खेळायची आणि ठेवायची. दुसऱ्या प्रकारातले बांधकामाचे सेट पोरांपासून जितके लांब राहतील तितके महाग होतात. असा सेट घेणाऱ्याला संग्राहक म्हणतात. तोच सेट विकायला काढला की तो गुंतवणूकदार होतो. घरची मंडळी दोन्ही अवस्थांत त्याला एकाच नावाने ओळखतात, पण ते छापण्याजोगे नसते.

व्यवहाराचे मूळ डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात आहे. तिथल्या ओले कर्क क्रिस्तियानसन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे त्याच्या मुलाने २८ जानेवारी १९५८ रोजी, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांच्या पेटंटसाठी अर्ज केला. याच लेगोच्या विटा. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. संग्राहक यातला एकही प्रकार करून पाहत नाही.

कंपनी एखादा सेट काही काळ विकते आणि मग बंद करते. भाव चढू लागतो तो तिथून. सर्वात वरचा मान सीलबंद खोक्याला. त्याखाली सील तुटलेला पण आतल्या पिशव्या शाबूत असलेला, मग जोडलेला पण पुस्तिका जपलेला, आणि तळाला खेळलेला. पोराला झालेला आनंद इथे घसारा म्हणून वजा होतो. मॉस्कोतल्या दोन अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या सेटचे भाव तपासले, तेव्हा सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के निघाला. आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात हा आकडा जपून सांगावा. चढ्या व्याजाचे नाव काढले की एकदा पोळलेल्या इथल्या ठेवीदाराचा हात आधी आपले पाकीट चाचपतो. त्यात परदेशी खेळण्यांवर २०२३ पासून ७० टक्के आयातशुल्क आहे. त्यामुळे अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत चॉकलेटांना जागा उरत नाही.

या धंद्यातला सर्वात मोठा धडा ताजमहालाचा. २००८ मध्ये आलेला हा सेट ५,९२२ तुकड्यांचा, म्हणजे तोवरचा सर्वात मोठा. तो बंद झाल्यावर भाव मूळ किमतीच्या कित्येक पट गेला. २०१७ मध्ये कंपनीने तोच ताजमहाल ५,९२३ तुकड्यांत पुन्हा काढला आणि जुने खोके धरून बसलेल्यांचा भाव उतरला. शाहजहानने दुसरा ताज बांधला नाही, हा त्याचा मोठेपणा संग्राहकांना त्या वर्षी समजला.

नगरकरांचा या सेटशी जवळचा संबंध आहे. इथला १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग महाल पाहूनच ताजमहालाची कल्पना सुचली, असे नगरमध्ये सांगितले जाते. तसे असेल तर रॉयल्टीत जिल्ह्याचा वाटा निघतो. तो मिळवण्यासाठी अजून कृती समिती कशी स्थापन झाली नाही, हे नवल. फराहबागेत नगरचा सुलतान मुर्तझा निजामशाह बुद्धिबळ खेळत बसे. म्हणजे वास्तू उघडलेली, वापरलेली आणि वर तुकडे गहाळ झालेली. संग्राहकांच्या निकषाने ती तळाच्या वर्गात जाते.

खोका कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा लागतो. नगरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा त्याला मानवत नाही. म्हणून खोका गोदरेजच्या कपाटात जातो आणि पैठणी दिवाणात येते. याच जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसल्याची ख्याती आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलपाविना शाखा काढली. संग्राहक दर्शनाला तिथे श्रद्धेने जातो, कपाटाची किल्ली खिशात ठेवून. अडचण एकच : सीलबंद खोक्यात अस्सल माल आहे की नाही, हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून खोका काट्यावर तोलतात, हलवून आवाज ऐकतात आणि देवावर भरवसा ठेवतात.

जिल्ह्यातला जुना बांधकामाचा खेळ म्हणजे दिवाळीचा किल्ला. माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मावळे एवढ्यावर तो उभा राहतो. तुकडे मोजलेले नसतात, पुस्तिका नसते, आणि एखादा बुरूज ढासळला तर कोणी कंपनीला कळवत नाही. पुनर्विक्रीचे मूल्य शून्य. तरी पोरे दरवर्षी या तोट्यात उतरतात.

शेवटी कर. स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तू आयकर कायदा भांडवली मालमत्तेत धरत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे असे अपवाद आहेत. म्हणून सेट खेळण्यासाठीच घेतला होता, असे कर सल्लागाराला सांगणे फायद्याचे. गिऱ्हाइकाला मात्र सेटला कधी बोटही लावले नाही, असे सांगावे लागते. ही दोन्ही विधाने एकाच दिवशी न अडखळता करता येऊ लागली की संग्राहक धंद्यात मुरला, असे समजतात.