एडिसनच्या गावात काळोख

एडिसन, न्यू जर्सी
३ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न.

फोनवर तुम्ही म्हणालात, "झालं काय ते सगळं लिहून पाठव, वहीत उतरवून ठेवतो." तुमच्या वायरिंगच्या वहीत माझं नाव पहिल्यांदाच चढतंय, म्हणून अक्षर जरा बरं काढतोय.

गणपती जवळ आले, मखर माळ्यावर. इथल्या माळ्याला अ‍ॅटिक म्हणतात. वर जायला छतातलं झाकण ओढायचं, घडीची शिडी खाली येते. एक स्विच खाली शिडीपाशी, दुसरा वर, आणि दिवा एकच. तोही लहरी. कधी लागायचा, कधी नाही. ही म्हणायची, त्याला अमावास्या कळते. गेल्या दिवाळीपासून तर अजिबातच बंद. आणि आम्ही राहतो कुठे? जिथल्या मेन्लो पार्कात एडिसनने १८७९ साली दिवा पेटवून दाखवला, तिथे. गावाने १९५४ साली त्याचंच नाव घेतलं. त्याच्या स्मारकाच्या मनोऱ्यावर माणसाच्या दुप्पट उंचीचा काचेचा दिवा बसवलाय. आणि आमच्या माळ्यावर काळोख! १९८९च्या जुलैत अंबा नदीचं पाणी ओटी ओलांडून आत आलं आणि आपण माळ्यावर कणगीला टेकून बसलो, तेव्हा निदान कंदील तरी होता.

बल्ब बदलला, नाही लागला. तेव्हा तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, तुमच्या हातात चहा. इकडे रात्र, माझ्या तोंडात बॅटरी. वरच्या स्विचची पट्टी काढली. तुम्ही म्हणालात, "काळ्याला भिऊ नकोस, तो न्यूट्रल." लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. शुभंकरोतीनंतर आम्हाला हेही म्हणायला लावायचात, विसरेन कसा? तरी सवयीने टेस्टर टेकवला. नागोठण्याच्या बाजारातला तो टेस्टर काळ्यावर मिणमिणला! तुम्ही निकाल दिलात, "टेस्टर बिघडला."

बाबा, टेस्टर ठीक होता. इथे काळा म्हणजेच फेज. न्यूट्रल पांढरा, आणि अर्थची तार नुसती उघडी तांब्याची. दाब आपल्या निम्मा, १२० व्होल्ट, म्हणून टेस्टरचा जीव मिणमिणण्यापुरताच. पण झटका बसायला तेवढा पुरतो. स्विचसुद्धा उलटे, वर केला की चालू. वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहा. मी खाली उतरून आधी ब्रेकर पाडला. त्याच्यावर आधीच्या मालकाने 'वरचं' एवढंच लिहून ठेवलंय. वरचं काय, ते त्याचं तोच जाणे. टेस्टर विझेपर्यंत तीन ब्रेकर पाडले. तिसऱ्याबरोबर धाकटीचं कार्टून गेलं.

पुढचं श्रेय मात्र सगळं तुमचं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारलंत, "कोपऱ्यात टोपी घालून बसलीय ती लाल तार कोण?" इथे तारांचे जोड टेपने गुंडाळत नाहीत, प्लास्टिकची टोपी पिळून बसवतात. तिथेच चोर सापडला. ही जिन्याच्या दिव्यासारखी जोडणी: दोन स्विचांमध्ये दोन तारा, वीज कधी या तारेने जाणार, कधी त्या. कुणीतरी वरचा टू-वे काढून साधा स्विच ठोकला आणि उरलेल्या तारेला टोपी घातली. मग खालचा स्विच नेमक्या बाजूला आणि वरचा चालू, असा योग जुळला तरच दिवा. गेल्या दिवाळीत कुणीतरी वरचा बंद केला, संपलं. दुकानात टू-वे मागितला तर पोरगा बघतच राहिला. इथे त्याला थ्री-वे म्हणतात. आपण वाटा मोजतो, ते स्क्रू मोजतात. दुसऱ्या दिवशी तो बसवला, टोपी काढली, ब्रेकर चढवला. दिवा लख्ख!

त्या आनंदात मी उभा राहिलो आणि एक पाऊल मागे टाकलं. आपल्या माळ्याला सागाच्या फळ्या आहेत, तिथे भाताची पोती ओढली तरी चालतं. इथे तुळयांच्या मध्ये नुसता गुलाबी काचेचा कापूस, त्याखाली अर्ध्या इंचाचा जिप्समचा पुठ्ठा. ही खाली कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्यासमोर आधी कापूस पडला, मग माझी स्लीपर, मग मांडीपर्यंत मी.

तिने शांतपणे विचारलं, "लागला का दिवा?"

"लागला."

"आणि तुला?"

नडगी खरचटली, एवढंच. पण त्या कापसाने खाजकुयलीच्या रानातून आल्यागत दोन दिवस अंग खाजत होतं. मखर उतरवलं. छताच्या भोकावर सध्या धाकटीने काढलेलं गणपतीचं चित्र चिकटवलंय.

आईस नमस्कार.

तुमचा,
बाळ्या

ता. क. : हे पत्र आईला वाचून दाखवाल तेव्हा दिवा लख्ख लागला तिथेच थांबा.