आपले वकीलकाका

रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यातल्या मराठी माणसाला सगळं 'आपलं' लागतं. पुरोहित आपला, आचारी आपला आणि कचेरीची पायरी चढायची वेळ आलीच तर वकीलही आपलाच. त्यामुळे बनारसच्या या 'पक्का महाल' नावाच्या जुन्या वस्तीत दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक वकीलकाका असायचेच. काळा कोट, कपाळी गंध, गालात मगही पान. पान आहे तोवर काका बोलत नाहीत, नुसतं 'हूं' म्हणतात; आणि पक्षकार समोर आहे तोवर पान संपत नाही.

पक्षकार गल्लीतलाच, चाळिशीचा. छापखान्यात कटिंग मशीनवर उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली. मालकाने मलमपट्टी केली, चार पैसे हातावर टेकवले आणि 'आता काही मागणं नाही' अशा कागदावर सही घेतली. कायद्याने तो कागद रद्दीच्या भावाचा. काका मात्र तो उजेडाकडे धरून असा काही सुस्कारा टाकतात, की पक्षकाराला उरलेल्या नऊ बोटांचीही शाश्वती वाटेनाशी होते.

खरं तर १९२३ चा भरपाई कायदा मोठा रोखठोक होता. तर्जनीला १४ टक्के, असं परिशिष्टातच लिहिलं होतं. पगार १२,००० आणि वय ४० असेल, तर पगाराचे ६० टक्के गुणिले १८४.१७, त्याचे १४ टक्के : साधारण १ लाख ८५ हजार. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, विनाकारण अडवले तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा, हेही त्यातच होतं. आठवीतल्या पोराला सुटेल असं हे गणित, पण काका म्हणतात, "लेबरची केस आहे बाळा, फार किचकट."

मग तारखा. आज साहेब दौऱ्यावर, आज वकिलांची हडताल, आज मालकाच्या वकिलाला ताप. हा ताप काकांना आधीच कळलेला असतो, कारण सकाळची कचौडी दोघांनी एकत्रच खाल्लेली असते. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि काकांना नवं कोलीत मिळालं. "कायदाच बदलला रे! आता मला सगळं नव्याने वाचावं लागणार." जुनं कधी वाचलं होतं, हे विचारायची कुणाची छाती नाही.

फीचं काय? "तू घरचा. तुझ्याकडून काय घ्यायचं? आले पैसे की वीस टक्के दे." निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, पण काका तिला फी म्हणतच नाहीत, 'आशीर्वाद' म्हणतात. टायपिंग, तिकीट आणि मुन्शीचा चहा रोख.

एवढं होऊनही वकील बदलायचं धाडस होत नाही. आई म्हणते, "अरे, तुझ्या मुंजीला राबलेत ते. वाईट वाटेल त्यांना." लेकाचं बोट गेलं ते गेलं, काकांचं मन दुखावता कामा नये. शेवटी बायकोच पदर खोचून फाइल मागायला जाते. काका हिशोब काढतात, "आधी बाकी द्या." फीपायी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. ती तेवढंच सांगते, आणि 'सापडत नाही' म्हणून महिनोन्‌महिने टोलवलेली फाइल काकांच्या बुडाखालच्या गादीतून निघते.

पुढे कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता अर्ज लावून धरतो. त्यासाठी वकीलच हवा, असं कायदा म्हणतच नाही. पैसे व्याजासकट येतात. पेढे घेऊन पक्षकार काकांच्याच पाया पडायला जातो. काका दोन पेढे उचलून गल्लीला सांगतात, "पाया मी घातला होता. कळस काय, कुणीही चढवतो."

तेवढ्यात शेजारची एक बाई रडत येते : मुलाचा अंगठा गेला, काका! काकांचा चेहरा उजळतो.

"अंगठा? वा! अंगठ्याला तीस टक्के."