घरघंटी विकणे आहे

घरघंटी विकायला काढली ती आईच्या सांगण्यावरून. गुडघे धरायला लागल्यापासून ती पुसणं तिला जमेना, आणि कोपऱ्यावरची गिरणी आता दळण घरपोच देते. मी फोटो काढले, 'उत्तम स्थितीत' असं लिहिलं, किंमत साडेसहा हजार टाकली आणि जाहिरात सोडून दिली. चहा निवायच्या आत फोन. पलीकडचा माणूस हिंदीत बोलणारा, आवाज एकदम कडक. तो फौजेत आहे, माल पसंत आहे, साडेसहा हजार मंजूर, पैसे आत्ता पाठवतो, वस्तू न्यायला त्यांची गाडी येईल. पाठोपाठ ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि गणवेशातला फोटो येऊन थडकला. इतके पुरावे माझ्या लग्नात सासऱ्यांनीसुद्धा मागितले नव्हते.

आई शेजारी गवार मोडत बसली होती.

"जाळ्या किती आहेत विचारलं का त्याने?"

"नाही."

"भाव पाडून मागितला?"

"नाही."

"मग ठेव फोन. त्याला घरघंटी नकोच आहे."

सायबर पोलिसांची अख्खी पत्रकं मी वाचली आहेत, पण इतकं नेमकं त्यांत कुठे नाही. ज्याला वस्तू खरंच हवी असते तो आधी तिला नावं ठेवतो. मोटर आवाज करत असणार, रंग उडालाय, नवीन यापेक्षा स्वस्त मिळते, असं म्हणत म्हणत तो खिशात हात घालतो. न बघता, न घासाघीस करता पूर्ण किंमत द्यायला निघालेला माणूस एकतर देवमाणूस असतो नाहीतर भामटा, आणि देवमाणसं जुन्या घरघंट्या घेत फिरत नाहीत.

तरी मी गंमत म्हणून पुढचं ऐकून घेतलं. तो म्हणाला, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात. आता यूपीआय आपल्याकडे २०१६ साली आलं. तेव्हापासून आजतागायत पैसे घेण्यासाठी कुणालाही पिन टाकावा लागलेला नाही. पिन लागतो तो पैसे जाताना. लक्ष्मी घरात येताना किल्ली मागत नाही. पूर्वी हीच मंडळी कोडऐवजी 'पैसे मागण्याची विनंती' पाठवायची आणि लोक घाईघाईत ती मंजूर करून बसायचे. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. (त्यामुळे मित्रांकडून हॉटेलच्या बिलाचा वाटा मागायची एकमेव सभ्य वाटही बुजली, पण ते दुःख वेगळं.) कोड मात्र राहिला. मी म्हटलं, "साहेब, आमच्या आई विचारतात, तुम्ही बाजरी किती नंबरच्या जाळीवर दळता?" फोन कट.

दुसरा एक प्रकार असतो तो मेसेजवाल्यांचा. '६५,००० जमा' असा मेसेज येतो आणि मागोमाग रडवेला फोन: चुकून एक शून्य जास्त पडलं हो, वरचे तेवढे परत करा. मेसेज कुणीही टाइप करू शकतो. पैसे गेल्याचा हिरवा पडदा दाखवणारी खोटी ॲपही असतात. म्हणून बघायचं ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये, दुसऱ्याच्या मोबाइलवर नव्हे. आणि घेणारे आपण असू, तर 'आणखी दोघं बघायला येतायत, टोकन टाकून ठेवा' म्हणणाऱ्याला नमस्कार. त्या दोघांनाच घेऊ द्यावं.

खरं सांगायचं तर आमच्या लहानपणीच्या बोहारणीइतकी बिनधोक व्यवस्था पुढे कुणाला जमली नाही. चार साड्या, दोन पँटी, आणि समोर पातेलं. ती साडी उन्हात धरून विरलेली जागा शोधायची, आई पातेल्यावर टिचक्या मारायची. तास-तास चालायचं. पण तिचं पातेलं कधी 'प्रोसेसिंग'मध्ये अडकून पडलं नाही.

चेकवर माझा विश्वास आहे, फक्त तो वटल्यावर. न वटलेल्या चेकसाठी १८८१ च्या कायद्यात १३८ वं कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, सगळं खरं. पण घरघंटीपायी कोर्टाच्या तारखा घेत बसायचं तर गहू पेरून परत काढून होतील. रोख उत्तम. मात्र जुनी गाडी विकणाऱ्यांनी जपावं, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून बंदी आहे. आणि पैसे गेलेच, तर आधी १९३० हा नंबर आणि बँक, मग नातेवाईक. आपल्याकडे लोक उलट क्रमाने जातात. पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच डोक्यावर, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

खरं गिऱ्हाईक शनिवारी आलं. नवरा-बायको, पिशवीत घरची ज्वारी. वहिनींनी झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि पहिलंच वाक्य, "बेसनाची जाळी कुठाय?" आईचा चेहरा खुलला. ज्वारी दळून झाली, वहिनींनी पीठ चिमटीत चोळून पाहिलं, जरा भरड येतंय म्हणाल्या, आई म्हणाली ज्वारीच ओलसर आहे. साडेचार हजारांवरून सुरू झालेली गाडी एक्कावन्नशेवर थांबली तेव्हा दोन्ही पक्ष लुटले गेल्यासारखे दिसत होते. सौदा चोख झाल्याची खूण!

वहिनींनी माझा नंबर टाकला. पडद्यावर माझं बँकेतलं नाव वडिलांच्या नावासकट आलं, ते त्यांनी मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. फोन वाजला. आई म्हणाली, "पासबुक भरून आण, मग उचलू दे." दुसरा शनिवार, बँक बंद. शेवटी ॲपमधली शिल्लक मोठी करून तिच्या चष्म्यापुढे धरली, तेव्हा कुठे घरघंटी जागची हलली.

खाली टेम्पोवाला म्हणाला, "पाचशे. रोख. नेट नाही आपल्याकडे." नवरा-बायकोने खिसे, पर्स, पिशवी सगळं चाचपलं. पीठ निघालं, पैसे नाहीत. मग ठरलं की त्यांनी पाचशे मला पाठवायचे आणि आईने डब्यातली नोट काढून द्यायची. तिने तुरीच्या डब्यात हात घालून नोट काढली, झटकली, घडी उलगडली आणि मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिली.

"आले का बघ आधी."