गिअरच्या सायकलीचे दात

बीड जिल्ह्यात ‘माउंटन बाइक’ कोणी विकत नाही आणि कोणी घेतही नाही. इथे असते ती गिअरची सायकल. चाळिशी ओलांडलेल्यांच्या तोंडी तीच ‘रेंजर’ होते. लुधियानाच्या हिरो कंपनीने त्या नावाची सायकल काढली आणि तेव्हापासून आडव्या हँडलची, जाड टायरची कुठलीही सायकल रेंजर झाली, जसे कुठलेही वनस्पती तूप डालडा झाले.

तर अशा एका रेंजरचा फोटो रात्री अकराला मोबाइलवर येतो. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली, लाल-काळी, 21 गिअर, पुढे-मागे शॉकअप. खाली मजकूर: ‘कंडिशन एक नंबर, फक्त हवा भरायची.’ किंमत अडीच हजार. फोटो मोठा करून करून बघणाऱ्या गृहस्थाची झोप उडते. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

पहिला प्रश्न सायकलीचा नसून डोंगराचा आहे. बालाघाटाच्या रांगेने जिल्ह्याचे सरळ दोन भाग केलेत. खाली गेवराई-माजलगावचा गोदाकाठ, वर पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचे पठार. गोदाकाठच्या गृहस्थाच्या वाट्याला येणारा सर्वांत मोठा चढ म्हणजे जायकवाडीच्या उजव्या कालव्याचा भराव. त्याने 21 गिअर घेणे म्हणजे एका खोलीच्या घराला सात कुलपे लावणे. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट ज्याच्या वाटेवर आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्यातही तो घाट खरोखर वाटेवर आहे की फक्त मनात आहे, हे त्याने बायकोसमोर सांगून बघावे. मनातल्या घाटाला गिअर लागत नाहीत.

सायकल न घेण्याचाही पर्याय जिल्ह्याने जगाला दाखवलेला आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची शाळा घरापासून सहा किलोमीटर होती. तो कधी चालत, कधी पळत जायचा. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 11.20 सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक घेतले. गृहस्थाचे वय आणि पोट पाहता हा पर्याय इथेच सोडून देऊ.

आता प्रत्यक्ष परीक्षा. यासाठी इंग्रजी व्हिडिओ पाहण्याची गरज नाही. ज्याने बाजारात बैल पारखला आहे, त्याला हे शास्त्र निम्मे येतेच. बैलाचे ओठ उचलून दात बघतात: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. सायकलीचेही दातच बघावेत. पुढच्या चक्रीचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दात सारखे, बोथट शेंड्याचे असतील तर जनावर तरणे आहे. एका बाजूला कललेले, टोकदार, करवतीसारखे झाले असतील तर ते म्हातारे आहे, मालक काहीही म्हणो.

मग चेन. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच. सुताराची स्टीलची पट्टी लावावी. पहिल्या पिनेवर शून्य ठेवल्यावर पंचविसावी पिन बाराच्या रेघेवर आली तर उत्तम. अर्धा सूत पुढे गेली तर चेन बदलायला झाली. पूर्ण सूत पुढे गेली तर चेनने दातही खाल्लेले समजावे. नुसती नवी चेन टाकून भागेल, असे विकणारा सांगतो. भागत नाही. झिजलेल्या दातांवर नवी चेन म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपलेल्या खोंडासारखी उड्या मारते आणि नेमकी चढावर मारते.

पट्टी खिशातून काढताच विकणाऱ्याचा चेहरा बदलतो. किंमत त्याच क्षणी दोनशेने उतरते, चेन कशीही असो.

चाक उचलून फिरवावे. ब्रेकच्या रबराकडे डोळा ठेवला की रिंग किती आऊट आहे ते दिसते. थोडी आऊट असेल तर मिस्त्री आरे आवळून काढून देतो, पण रिंगला खड्ड्याचा चेंबा असेल तर नाही. क्रँक दोन्ही हातांनी धरून आडवा हलवावा. कटकट वाजले तर छर्रे गेलेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलावी, हँडलखाली ठोका लागला तर तिथलेही छर्रे गेलेत. चिमटा आणि नळ्यांच्या जोडावर बोट फिरवावे. जिथे रंग सुरकुतलाय, तिथे ही सायकल कधीतरी कशावर तरी आदळली आहे. ‘लहान पोरगं चालवायचं’ हे वाक्य याच वेळी ऐकू येते.

मागच्या शॉकअपवर गृहस्थाचा विशेष जीव असतो, म्हणून तिथे थोडे थांबू. स्वस्त सायकलीतली ही स्प्रिंग शोभेची असते. उभे राहून पायडल मारले की पायातला जोर चाकाकडे जाण्याआधी स्प्रिंगमध्ये बसतो, आणि माणूस पुढे कमी, वरखाली जास्त जातो. वर त्या लोखंडाने सायकल अठरा किलोच्या घरात गेलेली. घाटात ती चालवायची नसते, सोबत न्यायची असते.

‘फक्त हवा भरायची’ या वाक्यासाठी व्हॉल्व्ह बघावा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर नेकनूरपासून कड्यापर्यंत कोणीही पंक्चरवाला हवा भरेल. बारीक, टोकाला स्क्रू असलेला असेल तर तो पंक्चरवाला आधी व्हॉल्व्हकडे, मग गृहस्थाकडे बघेल आणि चहा मागवेल. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे ज्या जिल्ह्यात मुबलक आहेत, तिथे ही भेट वारंवार होते. तेव्हा सायकलीची खरी वॉरंटी म्हणजे गावातला मिस्त्री. त्याला सोबत न्यावे आणि त्याने ‘बघू’ म्हटले तर घेऊ नये.

जुन्याची लाज मात्र बाळगू नये. माउंटन बाइकचा जन्मच भंगारातला. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात 1976 पासून काही पोरे डोंगरउतारावर शर्यती लावत, तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतारातच त्यातले ग्रीस जळून धूर निघायचा आणि तुंबा पुन्हा भरावा लागायचा, म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. डोंगरासाठी मुद्दाम घडवलेली सायकल जो ब्रीझने 1977 मध्ये तयार केली. म्हणजे मूळ मॉडेल गोठ्यातच सापडते.

पायडलच्या आसाखाली, नळीवर, एक नंबर ठोकलेला असतो. तो घासलेला असेल आणि पावती ‘चुलतभावाकडं राहिली’ असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 317 आठवावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अडीच हजारांत तेवढे बसत नाही.

भावाबाबत एक दाखला पुरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या सायकलीच्या मालकांना ही बातमी अजून पोचलेली नाही. ती गृहस्थाने पोचवावी, मग रुमालाखाली हात घालून बोटे धरावीत. सतराशेला सौदा तुटायला हरकत नाही.

राहता राहिले घरी काय सांगायचे. बायकोला बाराशे सांगावे. शेजाऱ्याला तीन हजार सांगावे, नाहीतर तो मागून नेईल. वडिलांना काही सांगू नये. ते ओट्यावरून उठून येतील, सीट दाबतील, घंटी शोधतील, काळ्या मातीचे दिवस आठवून मागच्या चाकावरची मोकळी जागा बघतील आणि विचारतील, “एवढ्या पैशात मडगार्ड बी नाही?”